अर्धा पापड

माझ्या पायाला ताप आलाय असं जखम केंद्रातून फोनवर सांगितलं, तेव्हा मी दारात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून शेंगा फोडत बसले होते, आणि पाय माठातल्या पाण्यासारखा गार होता.

"शालनताई, पायात ठणका मारतोय का?" स्वरा सिस्टरनं विचारलं.

"नाही बाई."

"थंडी वाजतेय? मळमळतंय?"

"अगं, आत्ता पावशेर शेंगा खाल्ल्यात. मळमळलं तर त्यानंच मळमळेल."

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ती खिदळते. आज हसली नाही. फोन तिनं सरळ तांबे मॅडमच्या हातात दिला. तांबे मॅडम म्हणजे केंद्राच्या मोठ्या डॉक्टर, मोजून मापून बोलणाऱ्या.

"तुमच्या जखमेचा अर्धा भाग बाजूच्या कातडीपेक्षा अडीच अंशांनी गरम झालाय," त्या म्हणाल्या. "आत पू धरलाय. आज दुपारच्या आत या. हाडापर्यंत पोचला तर पाय वाचवणं माझ्या हातात राहणार नाही."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि मांडीवरची टरफलं सगळी खाली सांडली. ताप होता, खरा होता. पण तो पाय माझा नव्हता.

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला चळ लागला.

मी शालन खबाले. विट्याच्या डेपोत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. मी लागले तेव्हा बाई कंडक्टर बघायला लोक मुद्दाम गाडीत चढायचे. त्यातली चौदा वर्षं विटा-चिपळूण गाडीवर काढली आणि चौदाही वर्षं स्टिअरिंगवर दस्तगीर मुजावर. आताच्या बसगाड्यांना कंडक्टर नसतोच. दार आपोआप लागतं, तिकिटाचे पैसे आपोआप कापले जातात, आणि एक पोरगी गोड आवाजात पुढचा थांबा सांगते. आमची गाडी घंटीवर चालायची. एक ठोका दिला की थांबायचं, दोन दिले की निघायचं. का म्हणून ड्रायव्हरनं विचारायचं नाही आणि कंडक्टरनं उगाच घंटी द्यायची नाही. दोरी तुटलेली असली की आम्ही तिकिटाला भोक पाडायचा पंच दांडीवर आपटायचो. माझा पंच निवृत्तीच्या दिवशी जमा करायचा होता. हरवला म्हणून सांगितलं. अजून पर्समध्ये आहे.

बत्तीस वर्षं उभं राहिलं की पायाच्या शिरांमधल्या झडपा ढिल्या पडतात. रक्त वर चढायचं सोडून घोट्यापाशी साचतं. तिथलं कातडं काळं पडतं, खाजतं, आणि एक दिवस कसलीतरी कड लागून फुटतं. माझं दोन हजार अडतीस साली बाथरूमच्या दाराला लागून फुटलं. एवढंसं होतं. म्हटलं, आठ दिवसांत भरेल. तीन वर्षं भरलं नाही, उलट तळहाताएवढं झालं.

दुखण्याचं मी काही सांगत नाही, दुखणं सोसता येतं. वास सोसत नाही. मुलगा-सून पुण्याहून आले की मी माझी चादर त्यांच्या आधी उठून धुवायची. बारशाला जाणं बंद केलं, हळदी-कुंकू बंद केलं. गाडीतल्या साठ माणसांवर ओरडणारी बाई मी, शेजारीण आली तरी आतून कडी लावून बसायला लागले. माणूस जिवंतपणी कसा पुसला जातो ते मला तेव्हा कळलं.

फक्त मुजावर यायचे. रोज सकाळी दहाला, चहाला. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणाले, "मुजावर, लांब बसा. वास येतो."

"मला कुठला यायला?" रुमालानं नाक पुसत ते म्हणाले. "सर्दी झालीय, बाई. कशाचाच वास येत नाही."

त्या माणसाची सर्दी तीन वर्षं गेली नाही.

मग जखम केंद्र निघालं आणि पापड आला. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे. आमच्याकडं कुणी ते म्हणत नाही. दिसतो उडदाच्या पापडासारखा, गोल, पातळ, आरपार दिसणारा. हाताला मात्र मऊ आणि ओलसर लागतो. स्वरानं पहिल्यांदा लावला तेव्हा सगळं समजावून सांगितलं होतं.

आपल्या अंगात वीज असते म्हणे, अगदी बारीक. कातडं फाटलं की कडेकडून मधल्या दिशेला एक नाजूक प्रवाह वाहायला लागतो. कडेच्या पेशींना त्यावरून कळतं की भोक कुठल्या बाजूला आहे, आणि त्या सरकत सरकत तिकडं जातात. तरुणपणी हे सगळं झटपट होतं. वय झालं, पायात रक्त साचलं, जखम जुनी झाली, की हा प्रवाह मंदावतो. पेशी असतात, पण कुठं जायचं ते त्यांना कळत नाही. कडेलाच गर्दी करून उभ्या राहतात.

"म्हणजे पाटी नसलेली गाडी," मी म्हणाले.

"तसंच समजा, ताई. पापड ती पाटी लावतो."

पापडात शेकडो बारीक कप्पे आहेत. प्रत्येक कप्पा आपल्यापुरता प्रवाह मोजतो, कमी असेल तिथं भर घालतो, शिवाय ऊब आणि ओल बघतो. फोन जवळ असला की सगळे आकडे केंद्रात जातात. कप्पे वेगवेगळे असल्यामुळं पापड कात्रीनं हवा तसा कापता येतो. स्वरानं माझ्या जखमेच्या आकाराचा माझ्यासमोरच कापला होता. हे नको ते मी नेमकं बघून ठेवलं.

दर पंधरा दिवसांनी नवा पापड बंद पाकिटातून घरी यायचा. कसा लावायचा ते शिकवलं होतं. चार महिन्यांत तळहाताएवढी जखम रुपयाएवढी झाली. वास गेला. मी पुन्हा दाराची कडी काढून बसायला लागले. त्या पहिल्या सकाळी गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला मी हाक मारली होती, ओळख असो नसो.

त्याच सुमाराला चहा पिताना मुजावरांच्या उजव्या पायाचा मोजा ओला दिसला.

"काय ते?"

"काही नाही. पाणी सांडलं."

"मुजावर, मी कंडक्टर आहे. विनातिकीट माणूस मी चेहऱ्यावरून ओळखते. मोजा काढा."

अंगठ्याखाली, तळव्यावर, ॲक्सिलरेटर दाबायच्या जागी बोराएवढं भोक होतं. त्यांना वीस वर्षांची साखर. तळपायाला कधीपासून काही कळतच नव्हतं. चपलेतून बारीक खिळा घुसला होता आणि तो यांना मोजा ओला झाल्यावर दोन दिवसांनी सापडला.

"केंद्रात चला," मी म्हणाले.

"नाही." एवढा सरळ नकार त्यांनी मला चौदा वर्षांत दिला नव्हता. "माझा थोरला भाऊ, इलाहीभाई. करंगळी दाखवायला गेला होता, बाई. सायकलवर. परत आला तो गुडघ्याखाली रिकामा लेंगा घेऊन. मी जाणार नाही, आणि तुम्ही कुणाला सांगायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. आणि मग जे केलं ते आपल्याकडं घरोघरी चालतं. डोकेदुखीची गोळी अर्धी मोडून शेजारणीला देतो, डोळ्यांतलं औषध जावेला देतो, तसं केलं. माझी जखम रुपयाएवढी, पापड बशीएवढा. अर्धा वायाच जातोय की! नवं पाकीट फोडलं, कात्री उकळून घेतली, पापडाचे दोन भाग केले. एक माझ्या घोट्यावर, एक त्यांच्या तळव्यावर. दुसऱ्या कुणाला देणार नाही असं मी कागदावर सही करून लिहून दिलेलं होतं, तेही आठवलं. पण तीन वर्षांची सर्दी जास्त आठवली.

वरून जखम भरायला लागली. दोन पापड असेच अर्धे अर्धे वापरले. मुजावर खूश, मी त्याहून खूश. त्यांचा अर्धा आपले आकडे साठवून ठेवायचा आणि दहाला ते चहाला आले की माझ्या फोनवरून पाठवून द्यायचा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चार दिवस ते आलेच नाहीत. गुडघा धरलाय म्हणाले. आज आले, चहा घेतला, गेले, आणि तासाभरात फोन आला की माझ्या पायाला ताप आहे.

म्हणून टरफलं सांडली.

रिक्षा करून मी मशिदीमागच्या गल्लीत गेले. मुजावर एकटेच राहतात. बायको वारली, मुलगा मस्कतला.

"या बाई. आत्ताच तर गेलो तुमच्याकडनं. चहा टाकू?"

"मोजा काढा."

माझा चेहरा बघून त्यांनी काढला. जखमेवर गुलाबी कातडं आलं होतं, छान दिसत होतं. पण भोवती तळवा फुगलेला, लालबुंद. हात लावला तर चटका बसला. मी अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"दुखतंय?"

"काहीच नाही की," ते म्हणाले.

तीच तर भानगड होती. दुसरा कुणी किंचाळला असता.

मी सगळं सांगितलं. फोन, अडीच अंश, आतला पू, हाड. ते ऐकत होते आणि मान हलवत होते.

"तुम्ही शब्द दिलाय, बाई."

"दिलाय. मोडतेय."

"माझा पाय जाईल."

"इथं बसून राहिलात तर नक्की जाईल."

"आणि तुमचं काय? सही केलीय तुम्ही. तुमचा पापड काढून घेतील. परत जखम वाढेल, परत दार लावून बसाल. मला ते बघायचं नाही." डोळ्यांत पाणी आणून बोलत होते. त्यांना माझी काळजी होती का माझ्या आडून ते स्वतःच्या भीतीला जागा करत होते, देव जाणे. दोन्ही असेल.

आणि खोटं कशाला सांगू, मीही घाबरले होते. रिक्षात बसल्या बसल्या मनात येऊन गेलं होतं. मॅडमना सांगावं, पाय गार आहे, मशीन चुकलं. सगळं निभावलं असतं. माझं तरी.

दहा मिनिटं मी बोलले. ओरडले, हात जोडले. मुजावर पलंगाच्या कडेला धरून बसले ते हलेनात. शेवटी मी बोलणं बंद केलं. पर्समधून पंच काढला आणि त्यांच्या पलंगाच्या लोखंडी दांडीवर एकदाच आपटला.

ठण्.

एकदा धुक्यात कुंभार्ली घाट उतरताना मागून जळका वास आला होता. मी एक ठोका दिला. घाटात, उतारावर, गाडी भरलेली. मुजावरांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, थांबवली, चाकाला दगड लावला आणि मग विचारलं, काय झालं. मागचा ब्रेक धरून टायर धुमसत होतं. पुढं दोन वळणांवर काय झालं असतं ते त्या दिवशी आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

मुजावरांनी पंचाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मांडीवरचा हात गिअरवर ठेवल्यासारखा मुठीत वळला आणि हळूहळू सैल पडला.

"टोपी द्या ती," ते म्हणाले.

केंद्रात तांबे मॅडम दारातच उभ्या होत्या. माझ्यासाठी चाकाची खुर्ची आणून ठेवलेली. मी मुजावरांना त्या खुर्चीत बसवलं.

"मॅडम, ताप आलेला पाय हा. पापड मी कापून दिला. काय बोलायचं ते मला बोला, यांना बोलू नका."

त्यांनी आधी पाय बघितला, दोन माणसांना हाका मारल्या, मुजावरांना आत नेलं. मग बाकड्यापाशी येऊन माझ्यावर जो काही तोफखाना सोडला! साठ माणसांची गाडी सांभाळलेली मी, खाली मान घालून बसले.

"पापड वरचं कातडं ओढून आणतो, खबालेबाई. आतली घाण काढत नाही. म्हणून आधी आम्ही तपासतो, साफ करतो, मग लावतो. तुम्ही वरून दार लावलंत आणि चोर आत कोंडलात."

"मग मीच त्यांचा पाय…"

मॅडम माझ्या शेजारी बाकड्यावर टेकल्या. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि तुम्हीच त्यांना इथं आणलंत. ताप चार दिवसांपूर्वी धरला. पापड मोजत होता, सांगायला फोन जवळ नव्हता. पण आज कळलं. त्यांचं त्यांना कळलं असतं तेव्हा काळं पडलेलं असतं सगळं. आता हाड बघते. बसा."

दोन तास बसले. बाकड्यावर समोर पोस्टर होतं, पाय रोज बघा असं लिहिलेलं. ते मी शंभरदा वाचलं. इलाहीभाईची सायकल डोळ्यांपुढून हलेना. मी जर मुजावरांना पहिल्याच दिवशी असा एक ठोका दिला असता तर? शब्द दिला, कात्री घेतली, शहाणपणा केला. स्वतःचाच इतका राग मला जन्मात आला नव्हता.

तांबे मॅडम बाहेर आल्या, हातमोजे काढत.

"हाडाला लागलेलं नाही. पू काढलाय. पाय राहील, बोटंसुद्धा पाचच्या पाच."

मी भोकाड पसरलं. सांगायला लाज कशाची? सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून, पोटातून रडले. स्वरानं पाणी आणून दिलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. रडता रडता मला हसू येत होतं, ते मला आवरता येईना.

"आता तुमचा पापड," मॅडम म्हणाल्या. "सही मोडलीत. नियमाप्रमाणं बंद करावा लागेल."

"करा," मी म्हणाले. खरंच त्या घडीला मला त्याचं काही वाटलं नाही. पाच बोटं राहिली होती. मी पाय पुढं केला.

स्वरानं पट्टी सोडली, पापडाचा अर्धा अलगद उचलला आणि थबकली. कापसानं पुसून परत बघितलं.

"ताई, ही कधी भरली?"

"काय भरली?"

"जखम. बघा की."

घोट्यावर चकचकीत, कोवळं, लसणीच्या सालीसारखं कातडं होतं. सलग. कुठं भोक नाही, ओल नाही. तीन वर्षं मी रोज तिथं बघत आले होते. पापड लावल्यापासून मात्र पट्टी सोडायची नाही म्हणून वरूनच बघायची, आकडे येतील ते खरे मानायची.

मॅडमनी फोनवरचे आकडे लावून बघितले आणि पहिल्यांदाच हसल्या. अर्ध्या कप्प्यांना बंद जखम दिसत होती, अर्ध्यांना उघडी. मशीन बिचारं रोज सांगत होतं की जखम निम्म्यावर अडलीय.

"बारा-तेरा दिवस झाले असतील भरून," त्या म्हणाल्या. "कापला नसतात तर आम्हीच फोन करून कळवलं असतं. म्हणजे नियमाप्रमाणं तुमचा पापड बंद. तसाही तुम्हाला तो लागत नाही. पण शिरा ढिल्याच आहेत, घट्ट मोजे जन्मभर घालायचे. आणि कात्री कपाटात."

मुजावरांना अठरा दिवस केंद्रात ठेवलं. जखम मुद्दाम उघडी ठेवली होती, आतून भरून यावी म्हणून. मी रोज दहाला थर्मास घेऊन जायची. पहिल्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"बाई, बाहेर बसा. वास येतोय."

मी पर्समधून रुमाल काढला आणि नाक पुसलं.

"मला कुठला यायला? सर्दी झालीय."

ते भिंतीकडंच बघत होते. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

जखम साफ झाल्यावर त्यांना त्यांच्या नावाचा पापड मिळाला, अख्खा. फोन त्यांचा, आकडे त्यांचे. उजवा पाय टेकायचा नाही म्हणून भलामोठा बूट. अडीच महिने असे गेले. या दिवसांत मी दोन बारशी केली, एक लग्न जेवले, आणि प्रत्येक ठिकाणी मधल्या रांगेत बसले.

काल बूट काढायचा दिवस होता. स्वरानं त्यांच्या मापाची नवी मऊ चप्पल पायात घातली आणि त्यांना दोन दांड्यांमध्ये उभं केलं. मुजावर उभे राहिले. दोन्ही हातांनी दांड्या धरल्या. पुढं बघितलं. पण पाऊल काही टाकेनात.

"चला की, मामा," स्वरा म्हणाली. "काही होत नाही."

"थांबा सिस्टर."

"दुखतंय का?"

"नाही." त्यांनी मागं वळून बघितलं नाही. गाडीत कधीच बघायचे नाहीत. "बेल मिळाली नाही अजून."

स्वराला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पर्स उघडली, पंच काढला, आणि दांडीवर दोनदा आपटला.

ठण् ठण्.

मुजावरांनी उजवा पाय पुढं टाकला.